शुगरवाला म्हातारा बोका आणि त्याचं वजन: कोरडं, पाउच की घरची मासळी?

आमचा शेट, वय १३, नसबंदी झालेला, गोव्यात म्हापशाच्या घरात दिवसभर बाल्कावात (दारापुढच्या ओसरीत) लोळणारा बोका. शुगर निघाली तेव्हा वजन ७ किलो होतं, आज साडेपाच आहे, मध्ये आठ महिने गेले आणि तेवढ्यात तिन्ही प्रकारचं खाणं घालून झालं, म्हणून ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

पण आधी एक बघा, वजन कमी करायचंय की आपोआप कमी होतंय? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुगर हाताबाहेर असली की मांजर भरपूर खातं, पाणी ढोसतं, लिटरचा ट्रे भिजवून टाकतं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागतो, कारण साखर रक्तातच फिरते, पेशींच्या कामाला येत नाही, मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. अशा मांजराला डायटिंग नको, इन्सुलिन नीट बसवायला हवं. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढणं, किडनी, दुखणारे दात हेही असतं, त्यामुळे रक्त तपासून घ्या. मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालत असेल तर तो बहुतेक शुगरनं नसांवर केलेला परिणाम, म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. खालचं सगळं खरंच जाड असलेल्या मांजरासाठी.

कोरडं खाणं. सोयीचं, रोजच्या खर्चाला सगळ्यात स्वस्त, सकाळी वाटीत टाका आणि कामावर जा. गडबड पिठाची, म्हणजे कार्बोहायड्रेटची आहे. पाकिटावर कार्बोहायड्रेट बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, ते आपण काढायचं: १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी वजा करा. समजा ३२, १०, ४, ८ आणि १० आहे, तर उरले ३६, आणि कॅलरीच्या हिशोबात ते जवळजवळ ४० टक्के होतात. शुगरच्या मांजराला साधारण १०-१२ टक्क्यांच्या आत बरं मानतात. शुगरवालं स्पेशल कोरडं मिळतं, त्यात पीठ कमी असतं पण पाउचएवढं कमी नाही, आणि ३० ग्रॅममध्येच शंभरावर कॅलरी जातात, म्हणजे मूठभर जास्त पडलं की दिवसाचा हिशोब गेला. दात साफ राहतात म्हणून कोरडं द्यायचं हे मला तरी पटत नाही, शेटचे दोन दात कोरडं खाऊनच गेले. आणि आपल्याकडच्या जून-जुलैत उघडं पाकीट आठवड्यात मऊ पडतं, वास येतो, तेव्हा हवाबंद डबा लागतोच.

पाउच किंवा डबा. ह्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे पोट भरतं, कॅलरी कमी जातात, म्हाताऱ्या किडनीलाही बरं. ८५ ग्रॅमच्या पाउचमध्ये साधारण ६० ते ८० कॅलरी. पण घट्ट रस्सा असलेल्यात स्टार्च असू शकतो, तेव्हा वरचा हिशोब इथेही करा, आम्हाला घट्ट लगद्यासारखं खाणं रश्शापेक्षा मानवलं. त्रास दोनच: पैसे, आणि उघडं ठेवलं तर आपल्या उकाड्यात तासा-दोन तासात वास मारतं, मुंग्या तर बोलावल्यासारख्या येतात. उरलेलं लगेच फ्रिजमध्ये, देताना कोमट करून.

घरची मासळी. आता इथे सगळे माझ्यावर चिडणार. आमच्याकडे बांगड्याचं डोकं आणि शीत म्हणजे मांजराचं जेवण असं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, सासूबाई "माजराक उपाशी मारता गो" म्हणत गुपचूप घालायच्या. पण भात म्हणजे पीठच, हुमणात (माशाच्या आमटीत) कांदा-लसूण पडला असेल तर ते मांजराला विष, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. खारं तर अजिबातच नको. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा पदार्थ असतो, आणि फक्त तारल्या-बांगड्यांसारखे तेलकट मासे रोज घातले तर व्हिटॅमिन ई कमी पडतं. शिवाय टॉरिन हे अमिनो आम्ल हवं, ते पुरेसं नसेल तर हृदय आणि डोळे बिघडतात, आणि पाण्यात शिजवलं की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. वर १ जून ते ३१ जुलै मासेबंदी, म्हणजे दोन महिने मेन्यू बदला, आणि इन्सुलिनवरच्या मांजराचा मेन्यू असा मध्येच बदलणं हीच सगळ्यात मोठी चूक. म्हणून घरचं फक्त चव म्हणून: बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे दोन-तीन तुकडे, दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत.

तेव्हा मी पाउच घेतलं, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनच्या वेळेला. चिकन आणि पाउच दोन्ही परवडत नसेल तर फक्त पाउच घ्या. पाउचही रोज जमणार नसेल तर शुगरवालं कोरडं, पण किचनच्या काट्यावर मोजून, डोळ्यांनी नाही.

एक गोष्ट मात्र स्वतःच्या मनाने करू नका: कोरड्यावरून पाउचवर गेलात की इन्सुलिनची गरज पटकन उतरू शकते, डोस तोच राहिला तर शुगर इतकी पडते की मांजर झोकांड्या खातं, फिट येते. बदल डॉक्टरला सांगून, हळूहळू, घरी कानाला टोचून शुगर बघत. (माणसांचं मशीन मांजराच्या रक्ताचा आकडा बहुतेक वेळा कमी दाखवतं, तेव्हा आकडे कोणत्या मशीनचे ते डॉक्टरला सांगा.) मध किंवा साखरेचं पाणी हाताशी ठेवा, हिरड्यांना चोळायला, आणि तसंच दवाखान्यात. ग्लार्जिन (माणसांचं एक इन्सुलिन) बहुतेक वेळा एका मिलीला १०० युनिटचं असतं, जनावरांचं एक इन्सुलिन ४० युनिटचं येतं, आणि दोघांच्या सिरिंज वेगळ्या. अदलाबदल झाली तर १०० वाल्याचा अडीच पट डोस जातो, ४० वाल्याचा निम्म्याहूनही कमी. काहींना लवकर आणि नीट कंट्रोल मिळाला की इन्सुलिन बंदही होतं, आमचं नाही झालं.

वेग म्हणाल तर आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ७ किलोच्या बोक्याला ३५ ते ७० ग्रॅम, त्याहून घाई नको. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते आणि ते जिवावर बेततं, आणि जेवलं नाही म्हणून रोजचाच इन्सुलिन डोस देऊ नका, आधी फोन करा. माणसांच्या वजनकाट्यावर बोक्याला कडेवर घेऊन वजाबाकी केली तर ५० ग्रॅम कळतच नाहीत, म्हणून आम्ही लहान बाळांचा काटा आणला, शेट त्यात बास्केट समजून बसतो आणि उतरायला तयार नसतो, तेव्हा दर रविवारी आकडा आरामात लिहून होतो.