चेंडू-आरसा: सहा महिने वापरल्यानंतर

शाळेला देणगीत मिळालेली दुर्बीण दोन वर्षं कपाटातच आहे. शाळा अकरा ते पाच, तारे सातनंतर, आणि मुलं वाड्यावस्त्यांवरून चालत येणारी. रात्री कुणाला थांबवायचं? शाळेच्या वेळेत हजर असणारा तारा एकच, सूर्य. म्हणून त्याची प्रतिमा भिंतीवर पाडायला नोव्हेंबरात चेंडू-आरसा केला.

प्लास्टिकच्या चेंडूत वाळू भरली, वर आरशाचा छोटा तुकडा चिकटवला आणि त्यावर एक सेंटिमीटरचं भोक पाडलेला काळा कागद. चिकटपट्टीच्या रिकाम्या कड्यावर चेंडू ठेवला की हवा तसा वळतो आणि वळवला तिथंच राहतो. खर्च शंभर रुपयांच्या आत.

भोक मुद्दाम चौकोनी पाडलं होतं. हातभर अंतरावर भिंतीवर चौकोन उमटला. पण आरसा अंगणात आणि भिंत 22 मीटरवर, वर्गाच्या आत, असं केलं तेव्हा चक्क गोल! "सर, आमच्या कौलातून पडतो तसला कवडसा," सातवीतली एक मुलगी म्हणाली. कवडसा गोल म्हणजे भोकच गोल, असं तोवर सगळे धरून चालले होते. खरं सांगायचं तर बी.एड. होईपर्यंत मीही. पण तो गोल भोकाचा नाही, सूर्याची प्रतिमा असते.

मग मोजायला गेलो, तर गोल पळायला लागला. "तू चेंडू हलवलास" म्हणून दोघांची जुंपली. शेवटी खडूनं कड आखली. दोन मिनिटांवर थोडा वेळ जातो तोच गोल आपल्या जागेवरून पुरता बाहेर! चेंडूपाशी कुणीच नव्हतं. पृथ्वी फिरते हे मी पंधरा वर्षं सांगत आलोय, पण वर्ग इतका गप्प पहिल्यांदाच झाला.

व्यास भरला 21 सेंटिमीटर. अंतर भागिले व्यास, 105. सूर्याचं अंतर आणि व्यास यांचंही प्रमाण तेच. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, म्हणजे त्याचा व्यास सव्वाचौदा लाख. खरा आकडा 13.9 लाख. भोकाच्या रुंदीमुळे कड पसरते आणि थोडं जास्त भरतं.

आता तक्रारी. अंधार पुरेसा होत नाही. खिडक्यांना सतरंज्या लावाव्या लागतात. सूर्यावरचे डाग आम्हाला एकदाही दिसले नाहीत. भोक लहान केलं तर कड रेखीव येते, पण प्रकाश फिका पडतो. दवानं फेब्रुवारीत आरशाचा पारा उडाला. आणि एकमेकांच्या डोळ्यांवर झोत टाकायचा मोह पोरांना आवरत नाही, त्यामुळे आरसा वळवायचं काम माझंच, आणि झोत डोक्यावरून.

जोडीला अंगणात काठी रोवली होती. आमच्या साताऱ्याकडे सगळ्यात आखूड सावली नोव्हेंबरात 12:20च्या आसपास पडली, फेब्रुवारीत पावणेएकला. बाराला एकदाही नाही. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे 82.5 अंश रेखांशाचं, आपण 74 वर. अर्धा तास तिथंच गेला. उरलेला फरक पृथ्वीच्या कललेल्या आसाचा आणि लंबगोल कक्षेचा. तो सातवीला नीट समजावणं मला जमलं नाही. मार्चपासून सकाळची शाळा, त्यामुळे काठी बंदच पडली.

शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, आमच्याकडे 10 मेच्या सुमारास, भर सुट्टीत. दुसरी संधी ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढग. तिघंजण सुट्टीत यायला तयार आहेत, साडेबाराला. फाटकाची चावी मी मागून ठेवलीय.