उष्णता आणि वाऱ्याचा प्रयोगसंच: दोन महिने वर्गात वापरल्यावर

निफाडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. दिवाळीनंतर नाशिकला गेले तेव्हा रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून हा संच आणला. साडेआठशे रुपये, पदरचे.

आधी धुराच्या पेटीबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. बुटाच्या खोक्याएवढी पत्र्याची पेटी, समोर काच, वर दोन नळ्या. एका नळीखाली मेणबत्ती लावायची, दुसरीच्या तोंडाशी उदबत्ती धरायची. धूर वर जातो हे सगळ्या वर्गाला ठाऊक. पण हा धूर वळून नळीत खाली शिरला, पेटीच्या तळाशी आडवा सरकत मेणबत्तीपाशी गेला आणि तिच्यावरच्या नळीतून भसाभस बाहेर पडला. "बाई, धूर खाली चाललाय!" मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली. तळाशी सरकणाऱ्या त्या पट्ट्यावर बोट ठेवून मी म्हटलं, हाच वारा. झाडं हलतात म्हणून वारा सुटतो, असं तोवर तीन मुलं ठामपणे सांगत होती.

पुस्तिकेत मात्र लिहिलंय की गरम हवा वर गेली की जागा रिकामी होते आणि ती भरायला थंड हवा येते. हे मला मान्य नाही. जागा रिकामी होतच नाही. हवा तापली की पसरते, विरळ आणि हलकी होते. शेजारची थंड, जड हवा तिच्याखाली घुसते आणि तिला वर ढकलते. मी पेल्यात गोडंतेल घेतलं, वरून पाणी ओतलं. पाणी तळाला गेलं, तेल वर आलं. मुलांना लगेच समजलं.

वहनाचा, म्हणजे धातूतून उष्णता पुढे सरकण्याचा, प्रयोग चांगला आहे. तांबं, पितळ आणि लोखंडाच्या पट्ट्यांवर मेणाने टाचण्या चिकटवायच्या आणि टोक तापवायचं. आधी तांब्यावरच्या गळतात, मग पितळेवरच्या, लोखंडाच्या सगळ्यांत शेवटी. पाणी तापवायचा बंब तांब्याचा का, हे एका मुलीने आपणहून सांगितलं. प्रारणासाठी, म्हणजे मधे काही नसतानाही उष्णता कशी पोचते ते दाखवायला, काळा आणि पांढरा डबा आहे, ते उन्हात ठेवले की काम झालं.

खाऱ्या वाऱ्यांचं नुसतं चित्र दिलंय, आणि माझ्या वर्गात समुद्र पाहिलेली मुलं दोनच. म्हणून एका परातीत वाळू, दुसरीत पाणी घेऊन अंगणात ठेवलं. तासाभराने वाळू 39 अंश, पाणी 27. पाणी तापायला फार उष्णता खातं; एक किलो पाण्याला 1 अंश चढवायला जेवढी लागते, तेवढ्यात जवळपास पाच किलो वाळू तितकी तापते. म्हणून दिवसा किनारा आधी तापतो आणि वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन आधी निवते, तेव्हा उलट, मतलई वारे.

तक्रारी दोन. दोन्ही थर्मामीटर एकाच पेल्यात ठेवले तर 3 अंशांचा फरक. दुकानदाराने एक बदलून दिला, पण मुलांच्या संचात असं चालता कामा नये. आणि पेटीच्या नळ्या प्लास्टिकच्या. मेणबत्तीवरची आठवड्याभरात वाकली. मी त्या जागी कंदिलाच्या काचा बसवल्या. आता धूर आतूनही दिसतो, बनवणाऱ्यांनी काचच द्यावी.

जानेवारीत कडाका पडला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, बाबांनी रात्री बागेत शेकोट्या केल्या, पण धूर वर गेलाच नाही. मांडवावर आडवा पसरला." पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. मी अख्खा तास त्यालाच दिला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वरची त्यामानाने उबदार राहते. धूर चढता चढता निवतो, आणि आपल्याइतकीच उबदार हवा भेटली की तिथेच पसरतो.

त्याने थर्मामीटर मागून घरी नेला. दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं: पहाटे साडेपाच, जमिनीलगत 6 अंश, बाबांनी शिडीवर चढून मांडवाच्या वर धरला तेव्हा 8.