रेडियम काढून देतो म्हणाला आणि गाडीचा रंगच घालवला

जुनी गाडी घेऊन तिच्यावरची आधीच्या मालकाची रेडियमची, म्हणजे चिकटवलेल्या स्टिकरची, अक्षरं काढायला कुणी निघालं असेल, तर गाडी कुणाच्या हाती सोपवण्याआधी हे वाचा. बडोद्यात आमच्या बाबतीत जे झालं ते सविस्तर लिहिते आहे. पैसे तर गेलेच, पण धडधाकट रंगाची गाडी आम्ही दिली आणि खरवडलेली परत घेतली, आणि ते कळू नये याची पुरेपूर तजवीज त्या माणसाने केली होती. मला राग आहे तो या तजविजीचा.

आमचा दांडिया बाजारात घरगुती केटरिंगचा धंदा आहे. मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं, गणपतीत उकडीचे मोदक. मोठी पातेली आणि डबे रिक्षातून न्यायचा त्रास संपावा म्हणून आम्ही मारुतीची जुनी ईको कार्गो व्हॅन घेतली. पांढरी, इंजिन उत्तम, पत्र्याला कुठे ठोकल्याची खूण नाही. आधी ती एका आइस्क्रीम वितरकाकडे होती. त्यामुळे दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर भली मोठी केशरी-निळी अक्षरं, कोनाचं चित्र आणि त्याचा फोन नंबर. कार्यालयापाशी गाडी लागली की लोक आइस्क्रीमची चौकशी करत, ते एक वेळ चाललं असतं. पण आमचं जेवण आवडलेल्या माणसाने गाडीवरचा नंबर टिपून घेतला आणि फोन भलतीकडेच लागला, असं होऊ लागलं. अक्षरं काढणं भागच होतं.

माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, गाडी चालवतात. त्यांनी आधी घरीच प्रयत्न केला. पण बडोद्याच्या उन्हात वर्षानुवर्षं भाजलेलं रेडियम पापडासारखं कडक होतं. नख घालून ओढलं की टिकलीएवढा तुकडा हातात यायचा आणि खाली पिवळट चिकट तसाच राहायचा. अक्षरांसाठी सहसा स्वस्तातलं रेडियम वापरतात. ते उन्हात आकसतं, त्याला चिरा पडतात आणि गोंद पत्र्यावर सोडून ते वरच्या वर तुटतं. महागातलं रेडियम जास्त वर्षं मऊ राहतं आणि अखंड पट्टी निघून येते. आमचं पहिल्या जातीचं होतं.

म्हणून गाडी शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात नेली. काचेची दारं, आत पांढरेशुभ्र दिवे, 'डिटेलिंग स्टुडिओ' अशी पाटी. मालकाने गाडीभोवती फेरी मारली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चिंता ना करशो, बेन." मग एक परदेशी लेबलची बाटली काढून माझ्यासमोर धरली. संत्र्याच्या सालीचा वास होता. या द्रवाने चिकट आपोआप सुटतो, रंगाला धक्का लागत नाही, असं त्याने सांगितलं. ते खोटं नाही, असे द्रव मिळतात. नुसतं रेडियम काढायचं काम तो घेत नव्हता, पूर्ण पॅकेजच घ्यावं लागेल म्हणाला: रेडियम काढणं, पॉलिश, वर सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पारदर्शक संरक्षक थर), तीन वर्षांची गॅरंटी. सगळे मिळून अकरा हजार. पक्कं बिल मागितलं तर "गाडी देताना देतो".

त्याने गाडी परत दिली ती रात्री, दुकान बंद करायच्या वेळेला. दिव्यांखाली ती आरशासारखी चमकत होती, आत अत्तराचा फवारा मारलेला. मालकाने बॉनेटवर पेलाभर पाणी ओतलं. थेंब मोत्यासारखे घरंगळून गेले. "हे कोटिंग," तो म्हणाला. बिलाचं मशीन बिघडलं होतं, म्हणून वहीतल्या कागदावर शिक्का मारून 'कार पॉलिश' एवढंच लिहून दिलं. गॅरंटी कार्डावर ना गाडीचा नंबर, ना कोटिंगचं नाव.

मृगाचे एक-दोन जोरदार पाऊस झाले आणि भाऊजींनी गाडी शांपूने धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात ती दारात उभी होती, तेव्हा आइस्क्रीमवाल्याचं नाव अख्खं वाचता येत होतं. नावच काय, फोन नंबरसुद्धा. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक अक्षराच्या कडेने, शंकरपाळ्यांना कातण फिरवावं तशा, आडव्यातिडव्या बारीक रेघा. सरकत्या दाराच्या कडेला एका ठिकाणी रंग पार निघून पत्रा उघडा पडला होता आणि त्यावर तांबूस ठिपका धरला होता. दाराची काळी प्लास्टिकची मूठ पांढुरकी पडलेली, खिडकीचं रबर फुगलेलं.

प्रतापनगरच्या बाजूला एक वयस्कर पेंटरकाका आहेत, आमच्या सासऱ्यांपासूनच्या ओळखीतले. त्यांनी काही न बोलता एका फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि अजून चमकणाऱ्या मागच्या दारावर हातभर जागा पुसली. चमक फडक्यावर आली आणि खाली भुरकट, ओरखड्यांनी भरलेला रंग उघडा पडला. "वहिनी, हे कोटिंग नाही. सिलिकॉनचं तेलकट पॉलिश आहे. रेघा त्याने भरून निघतात, तीन-चार धुण्यांत निघून जातं."

मग त्यांनी जे समजावलं ते मुद्दाम इथे लिहिते. कंपनीतून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या जरासा वर. त्यात वरचा पारदर्शक थर असला तर तो ४०-५० मायक्रॉनचा. मालवाहू गाड्यांच्या साध्या पांढऱ्या रंगावर तर कित्येकदा तो थर नसतोच. अशा रंगावर लोखंडी पातं चालवलं की ते थेट रंगातच उतरतं. पातं चालवायचं कारण एकच, वेळ वाचतो. चिकट काढायला त्याने साधं थिनर वापरलं होतं. मूठ पांढरी पडली आणि रबर फुगलं ते त्यामुळेच. कंपनीचा रंग साधारण १४० अंशांवर भाजलेला असतो, तो थिनर थोडा वेळ सोसतो. गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग मऊ पडून सुरकुततो. संत्र्याची बाटली दाखवण्यापुरतीच होती.

अक्षरांची सावली मात्र त्या दुकानदाराचा दोष नव्हे, हे काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. रेडियमखालचा रंग उन्हापासून झाकलेला राहतो, भोवतालचा फिकट पडतो, म्हणून रेडियम निघालं तरी अक्षर दिसतं. हलक्या हाताने कंपाउंड (घासायची पेस्ट) मारून भोवतालचा मेलेला थर काढला की बराच फरक पडतो, पण फार जुनी सावली पूर्ण जाईलच असं नाही. चांगला कारागीर हे आधी सांगतो. दुकानदार मात्र आम्हाला "नवी करून देतो" म्हणाला होता.

योग्य रीत फार साधी आहे, फक्त तिला वेळ लागतो. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) एका जागी न रोखता फिरवत ठेवायची, पत्र्याला हात लावता येईल इतपतच गरम करायचा. कोपरा नखाने उचलून पट्टी पत्र्यालगत, हळूहळू मागे ओढायची. उरलेल्या चिकटावर रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने लोटायचं. रेडियमवाल्यांकडे ड्रिलला लावायचं रबराचं चाकही असतं, तेही चालतं, फक्त वेग कमी हवा आणि एका जागी दाबून धरता कामा नये. कोणतंही रसायन आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून पाहायचं.

आणखी एक लबाडी उशिरा लक्षात आली. मालवाहू गाडीच्या मागे लाल आणि पुढे पांढरी चकाकणारी पट्टी नियमाने लागते. ती एआयएस-०९० या मानकाची असावी लागते आणि तसा छाप तिच्यावरच असतो. आमची मूळ पट्टी अक्षरांबरोबर काढून त्याने साधं लाल रेडियम चिकटवलं होतं. अंधारात मागच्या गाडीच्या दिव्याने ते उजळत नाही. रात्री कार्यक्रम आटोपून आमची माणसं याच गाडीने परततात. पैशांपेक्षाही याचा मला जास्त संताप आला.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा तो आधी म्हणाला, रंग मुळातच असा होता. मग म्हणाला, चुकीचा शांपू वापरलात, गॅरंटी रद्द. शेवटी, आणखी वीस हजार द्या, पूर्ण रंगवून देतो. इथे एक गोष्ट उपयोगी पडली. गाडी घेतली तेव्हा तिचा विमा संपलेला होता, म्हणून नवा काढताना विमा कंपनीने तपासणीसाठी चारही बाजूंचे फोटो मागवले होते. तारखेसकट ते भाऊजींच्या फोनमध्ये होते. कडा स्वच्छ, मूठ काळी, मूळ पट्टी जागेवर. ते पाहिल्यावर त्याचा आवाज खाली आला.

धंद्याच्या गाडीसाठी ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असं त्याने आम्हाला ठणकावून सांगितलं होतं. तुम्हालाही कुणी सांगेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. घरचेच लोक राबून चालवतात असा आमचा धंदा त्यात बसतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली तर तिथे फी लागत नाही. पैसे आम्ही यूपीआयने दिले होते, त्यामुळे कच्च्या पावतीवर त्याने रक्कम लिहिली नव्हती तरी नोंद आमच्याकडे होती.

गाडी ताब्यात घेण्याआधी काय करायचं तेही सांगते. दिवसाउजेडी, बाहेर उन्हात गाडी बघायची. दिव्यांखाली सगळ्याच गाड्या चमकतात. बरोबर अल्कोहोलची छोटी बाटली आणि स्वच्छ फडकं न्यायचं आणि त्याच्यादेखत दोन-तीन ठिकाणी पुसायचं. खरं, नीट सुकलेलं कोटिंग तेवढ्याने निघत नाही, तेलकट पॉलिश निघतं. आणि पुसू देत नसेल तर पैसे देऊ नका. पाण्याचे थेंब घरंगळतात याला काही अर्थ नाही, साध्या मेणाच्या पॉलिशवरूनही ते तसेच घरंगळतात. शिवाय कोटिंगचा थर इतका पातळ असतो की ओरखडे त्याने झाकलेच जात नाहीत.

हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर त्याचा फोन आला, अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. आम्ही ते लेखी मागितलं आहे आणि पट्टीचा खर्च वेगळा धरला आहे. काकांनी दोन्ही बाजू आणि मागचं दार घासून, प्रायमर मारून पुन्हा रंगवलं. छाप असलेली पट्टी आम्ही स्वतः विकत आणून त्यांच्यासमोर लावून घेतली. आमचं नाव मात्र अजून गाडीवर लावलेलं नाही. नव्या रंगावर लगेच रेडियम लावलं तर आतली वाफ कोंडून फुगे येतात, म्हणून महिनाभर थांबा, असं काकांनी बजावलं आहे.