छोट्या कळपाचे आरोग्य प्रमाणपत्र : तपासणी उत्तम, कागद मात्र जपून वाचावा

गेली ३ वर्षे मी माझ्या ४८ कोंबड्या आणि ६ बदकांच्या कळपाचे आरोग्य प्रमाणीकरण दरवर्षी करून घेत आहे. उबवणीची अंडी, एक-दोन दिवसांची पिल्ले आणि अधूनमधून तयार तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, अशी माझी विक्री असते, आणि ज्याच्याकडे आधीपासून पक्षी आहेत असा जाणता ग्राहक नवी कोंबडी आपल्या खुराड्यात घेण्यापूर्वी कागद मागतोच. या सेवेविषयी छोट्या पालकांमध्ये दोन टोकांची मते आढळतात. काहींना ती मोठ्या फार्मसाठी आखलेली आणि आपल्या गळ्यात उगाच मारलेली कटकट वाटते, तर काहींना एकदा शिक्का उमटला की कळप सर्व बाजूंनी निरोगी ठरला असे वाटते. तिसऱ्या तपासणीनंतर माझे मत असे झाले आहे की तपासणी खरोखर उपयोगाची आहे, पण तिच्या कागदातून लोक जेवढे वाचतात तेवढे त्यात लिहिलेलेच नसते, आणि या गैरसमजाला कागद देणारे व कागद दाखवून माल विकणारे आपण, असे दोघेही जबाबदार आहोत.

माझ्या प्रमाणपत्रात दोनच रोगांची नावे आहेत : पुलोरम, म्हणजे पिल्लांची पांढरी हगवण, आणि फाउल टायफॉईड. दोन्ही साल्मोनेला गटातील अगदी जवळच्या जिवाणूंमुळे होतात. पांढऱ्या हगवणीचा जिवाणू १८९९ मध्ये लिओ रेट्गर यांनी शोधला, आणि पुढे या रोगाने उबवणी व्यवसायाला इतके जेरीस आणले की अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना प्रामुख्याने त्याच्याच निर्मूलनासाठी आखली गेली. तपासणी पिल्लांची न करता आयांची का करतात, हे या रोगाच्या स्वभावावरून समजते. बाधित कोंबडी वरकरणी धडधाकट असते, दाणे टिपते, अंडी घालते. जिवाणू मात्र तिच्या अंडाशयात ठाण मांडून बसलेला असतो आणि तेथून काही अंड्यांत उतरतो. अशा अंड्यातले पिल्लू बाहेर पडले की उबवणी यंत्रात उडणाऱ्या त्याच्या लवेतून शेजारच्या पिल्लांना लागण होते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मोठी मरतूक होते, आणि जी पिल्ले तगतात त्यांतली काही मोठी होऊन पुन्हा तशीच अंडी घालू लागतात. थोडक्यात, आजारी दिसणाऱ्या पिल्लापेक्षा आजारातून उठलेली कोंबडी अधिक धोक्याची असते, आणि नुसत्या डोळ्यांनी तिला ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही.

तपासणीचे काम प्रत्यक्षात सुबक आहे. पक्षी आदल्या रात्रीच कोंडून ठेवायचे असतात, कारण सकाळी मोकळ्या सुटलेल्या कोंबड्यांमागे धावताना तपासनिसाचा अर्धा दिवस जातो. एकाने कोंबडी काखेत धरायची, पंख उलटा करून सांध्याजवळची बारीक पिसे बाजूला सारायची. तेथे कातडीखाली निळसर शीर स्पष्ट दिसते. सुई टोचून आलेले रक्त तारेच्या छोट्या वळ्याने उचलतात आणि काचेवर आधीच टाकून ठेवलेल्या जांभळ्या अभिकारकाच्या थेंबात मिसळतात. मग काच हातात धरून हलकेच डोलवत ठेवायची आणि २ मिनिटांच्या आत निकाल वाचायचा. थेंब एकसारखा जांभळा राहिला तर पक्षी निर्दोष. दूध नासावे तसे त्यात जांभळे कण फुटून मधला द्रव निवळू लागला तर संशयित. तपासलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे अडकवले जाते आणि तोच क्रमांक नोंदवहीत जातो. यंदा आलेल्या तपासनिसांचा हात इतका सराईत होता की कोंबड्यांनी फारसा कलकलाटही केला नाही. एक गोष्ट मात्र खटकली : त्यांनी बुटांवर नवी आवरणे चढवली, हात धुतले, पण आधीच्या ठिकाणाहून आणलेली साहित्याची पेटी सरळ माझ्या शेडमधल्या गादीवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भुशावर, टेकवली. पुढच्या वेळी दारातच एक टेबल मांडून ठेवायचे, हे मी त्याच क्षणी ठरवले. वर्षभरात सर्वाधिक खुराड्यांत ज्यांचे पाय पडतात ते हेच लोक असतात, तेव्हा जैवसुरक्षेचा आग्रह त्यांच्यापाशीही धरायला संकोच वाटू नये.

काही पालक सगळे पक्षी तपासू नका, नमुन्यादाखल निम्मे तपासा असा आग्रह धरतात. मोठ्या फार्ममध्ये नमुना चालतो, कारण हजारो पक्ष्यांत ५ टक्के बाधित असतील तर यादृच्छिकपणे निवडलेल्या ५९ पक्ष्यांत त्यांतला किमान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. छोट्या कळपाला हाच हिशेब उलटा लागू पडतो. समजा, माझ्या ४८ कोंबड्यांत दोघी बाधित आहेत आणि मी २४ तपासल्या; अशा वेळी त्या दोघीही न तपासलेल्या निम्म्यात राहून जाण्याची शक्यता जवळपास २५ टक्के निघते, आणि तीही चाचणी स्वतः कधीच चुकत नाही असे गृहीत धरून. म्हणजे दर चार वेळांतून एकदा बाधित कळपाला निर्दोषाचा दाखला मिळेल. ४८ पक्ष्यांसाठी आणखी तासभर खर्चणे यापेक्षा कितीतरी बरे. ४ महिन्यांखालील पक्षी मात्र या चाचणीत घेत नाहीत, कारण त्या वयात रक्तातली प्रतिक्रिया भरवशाची नसते. फाउल टायफॉईडची लस टोचलेल्या कोंबड्याही खोटी प्रतिक्रिया दाखवू शकतात, म्हणून लसीकरणाची नोंद तपासनिसांपुढे आधीच ठेवावी.

आता तक्रार. दुसऱ्या वर्षी एका चितकबऱ्या तलंगेच्या थेंबाच्या कडेला बारीक कण दिसले. त्या दिवशी हवा कोरडी होती, वारा होता, आणि काच वाचेपर्यंत वेळ बहुधा उलटून गेला होता. थेंब वाळू लागला की त्याची कड दाणेदार दिसते, हे कोणीही अनुभवी माणूस सांगेल. तरीही संशयाला जागा आहे म्हटल्यावर रक्त प्रयोगशाळेत पाठवणे योग्यच होते, आणि त्याबद्दल माझी काहीही हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या ११ दिवसांबद्दल. या काळात विक्री पूर्ण बंद ठेवण्याची लेखी सूचना मिळाली, पण नमुना पोहोचला की नाही, निकाल कधी लागेल, हे सांगणारा एकही निरोप आला नाही. मी स्वतः विचारणा केली तेव्हा तीन वेगवेगळ्या टेबलांवरून तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. उबवणीचे अंडे आठवडाभरापलीकडे साठवले की त्याची उबवणक्षमता दिवसागणिक घटत जाते. निकाल निर्दोष आला तोवर ठेवणीतली बरीचशी अंडी उबवायला विकण्याच्या लायकीची राहिली नव्हती. प्रयोगशाळेला वेळ लागतो हे समजण्यासारखे आहे, पण वेळ किती लागेल हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

त्या तलंगेची प्रतिक्रिया पक्की ठरली असती तर पुढचा मार्ग अधिक कठोर होता. रक्ताची चाचणी संशय दाखवते. रोगाची खात्री पक्ष्याच्या अवयवांतून जिवाणू वाढवून पाहिल्यावरच होते, आणि त्यासाठी पक्षी गमवावा लागतो. साल्मोनेलाच्या इतर काही प्रकारांमुळेही हा थेंब फुटू शकतो, म्हणून खात्री होण्याआधी सगळा कळप बुडाला असे समजून हाय खाऊ नये. ज्यांना आपल्या एखाद्या वाणाची मोजकीच जोडपी जपायची आहेत, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी हा भाग समजून घ्यावा. माहितीपत्रकात तो अगदी तळाशी दोन ओळींत उरकला आहे.

ग्राहकांचा गोंधळ कागदाच्या मथळ्यापासून सुरू होतो. वर मोठ्या अक्षरांत ‘आरोग्य प्रमाणपत्र’ असते आणि रोगांची नावे खाली बारीक अक्षरांत. मागच्या हंगामात तलंगा न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी कागद पाहून समाधानाने विचारले, ‘म्हणजे मानमोडीची काळजी नाही ना?’ मानमोडीचा या कागदाशी काडीचाही संबंध नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग; ती विषाणूपासून होते आणि तिच्यासाठी लसीकरणाची नोंद पाहावी लागते. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा जुनाट श्वसनरोग तर कळपात वर्षानुवर्षे दबून राहतो, अंड्यांतूनही उतरतो, आणि त्याची तपासणी वेगळी मागितल्याशिवाय होत नाही. मी ती दोन वर्षांपासून स्वतंत्रपणे मागतो आणि अंडी उबवायला विकणाऱ्या प्रत्येकाला तसेच सुचवेन. बर्ड फ्लूची गोष्ट आणखी निराळी आहे : घशातून किंवा गुदद्वारातून घेतलेल्या स्रावाची तपासणी त्या दिवसापुरते बोलते, आणि रानपक्ष्यांची एखादी विष्ठा पाणवठ्यात पडली की आठवड्यापूर्वीचा निर्दोष अहवाल इतिहासजमा होतो. बारा महिन्यांची मुदत पांढऱ्या हगवणीच्या बाबतीत पटण्याजोगी आहे, पण तीच मुदत पाहून ग्राहक सगळ्याच रोगांबाबत वर्षभर निर्धास्त होतो.

खाण्याची अंडी विकणाऱ्यांनी या प्रमाणपत्राचा उपयोग कितपत आहे हे अधिक काटेकोरपणे तपासावे. पांढऱ्या हगवणीचा जिवाणू पक्ष्यांशी जुळवून घेतलेला आहे. माणसाला त्यापासून क्वचितच त्रास होतो. अंडी खाणाऱ्याला ज्याची चिंता करायला हवी तो साल्मोनेला एन्टरायटिडिस हा वेगळा प्रकार, आणि तो कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरू शकत असल्यामुळे स्वच्छ, न तडकलेले कवच ही त्याबाबत हमी ठरत नाही. या दोघांचे काही घटक सारखे असल्याने जांभळ्या थेंबात कधी तोही सापडून जातो, पण तो योगायोग आहे, तपासणी नव्हे. त्यासाठी शेडमधल्या गादीचे आणि विष्ठेचे नमुने प्रयोगशाळेत द्यावे लागतात. तेव्हा अंड्यांच्या खोक्यावर पांढऱ्या हगवणीचे प्रमाणपत्र चिकटवून ‘तपासलेली अंडी’ म्हणून विकणे शब्दशः खोटे नसले तरी ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

प्रमाणपत्र कळपाचे असते, मालकाचे नाही, हेही सोयीस्करपणे विसरले जाते. तपासणीनंतर चार ठिकाणांहून पिल्ले आणून ती त्याच कागदावर खपवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. घेणाऱ्याने तपासणीची तारीख, तपासलेल्या पक्ष्यांची संख्या आणि पायातल्या कड्याचा क्रमांक एवढे जुळवून पाहिले तरी यांतले बरेच प्रकार उघडे पडतील. कडे नसलेली मोठी कोंबडी आणि ‘कालच निघून पडले हो’ हे उत्तर मिळाले की रिकाम्या पिंजऱ्यानिशी परतावे. मीही बाहेरून आणलेला पक्षी ३० दिवस वेगळा ठेवतो, त्याचे दाणा-पाणी सर्वांत शेवटी करतो, आणि तपासून झाल्यावरच कळपात सोडतो. खरे सांगायचे तर ही शिस्त मला प्रमाणपत्रामुळे लागली. पहिल्या तपासणीआधी माझी नोंदवही म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या चार खुणा होत्या. आता कोणती कोंबडी कुठून आली, केव्हा मेली आणि कशाने मेली, हे मला पान उघडून सांगता येते.

बदकांच्या बाबतीत सेवा कमी पडते. काचेवरची ही चाचणी बदकांत पुष्कळदा खोटी प्रतिक्रिया दाखवते आणि टर्कीतही ती भरवशाची मानली जात नाही, त्यामुळे त्यांचे रक्त प्रयोगशाळेतच जायला हवे. परंतु अर्जात मिश्र कळपासाठी रकानाच नाही. तिन्ही वर्षे माझी ६ बदके समासात हाताने लिहावी लागली आणि पहिल्या वर्षी ती अंतिम कागदावरून गळूनही पडली. बर्ड फ्लूचा विषाणू बदके कोणतेही लक्षण न दाखवता बाळगू शकतात, हे लक्षात घेता त्यांचाच रकाना नसावा हे विचित्र आहे.

पाचपैकी साडेतीन गुण मी या सेवेला देईन. कापलेला दीड गुण तपासनिसांच्या कामासाठी नाही, तर कार्यालयाच्या मौनासाठी आणि कागदाच्या मथळ्यासाठी आहे. उबवणीची अंडी, पिल्ले किंवा पैदाशीचे पक्षी विकणाऱ्याने ती जरूर घ्यावी. चार कोंबड्यांची अंडी घरातच संपत असतील तर या खटाटोपाचे कारण नाही. चौथ्या तपासणीचा अर्ज मी या आठवड्यात दिला असून तारीख मुद्दाम तीन आठवडे पुढची मागितली आहे, कारण मागच्या वेळी ऐन तपासणीत पाच खुडूक कोंबड्या अंड्यांवरून उठवाव्या लागल्या आणि त्यांतल्या दोघी नंतर काही केल्या पुन्हा बसल्या नाहीत.