रेसचा रॉड बुश करायचा की केबल टाकायची?

जुन्या डिझेल जीपची रेस, म्हणजे पेडलपासून इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंतची रॉडची जोडणी, ढिली झाली की मेस्त्री दोनच उत्तरं देतात. एक म्हणतो, लेथवर नेऊन झिजलेल्या भोकांत बुश (धातूच्या छोट्या नळ्या) मारून घ्या. दुसरा म्हणतो, ते रॉडबिड काढून फेका, केबल टाकू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. माझ्या १९९४च्या महिंद्रावर मी दोन्ही करून बसलोय. आधी केबल टाकली, दोन पावसाळे काढले आणि परत रॉडवर आलो. यावरून माझा कल कुठे आहे ते कळेलच, पण केबलवाले अगदीच चुकतात असंही मी म्हणणार नाही.

खर्चात पडण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाच्या लिव्हरकडे बघायचं. लिव्हर फुल रेसच्या स्क्रूला टेकत नसेल तर आधी लिंकेज (पेडल ते पंप ही जोडणी) धरा, पंपाला हात लावायची घाई करू नका. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. घाटात पिकअप मिळत नाही म्हणून एका गॅरेजवाल्याने माझा मायकोचा पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला, पैसे घेतले, गाडी होती तशीच. (कंपनीचं नाव २००८मध्ये बॉश झालं, पण आमच्याकडे पंप अजून मायकोचाच असतो.) नंतर बघतो तर पेडल तळाला आणि लिव्हर स्क्रूपासून करंगळीच्या नखाएवढी लांब उभी! तो सीलवाला स्क्रू मात्र फिरवू नका, आणि कोणाला फिरवूही देऊ नका.

झीज एका जागी नसते, हीच यातली गोम आहे. पेडलची पिन, फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) बेलक्रँक (ओढीची दिशा वळवणारा तुकडा), रॉडच्या दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट, पंपाच्या लिव्हरचं भोक, प्रत्येक ठिकाणी मिलिमीटरभर प्ले (ढिलाई) असला तरी पेडलपाशी त्याचा दीड इंच होतो. डिझेलची थरथर त्या भोकांना दिवसभर घासत असते. त्यात आपली तांबडी धूळ. उघड्या जॉइंटला ग्रीस चोपडलं की धूळ त्यात बसते आणि पॉलिश पेपरचं काम सुरू होतं. माझ्या बेलक्रँकचं भोक गोल राहिलंच नव्हतं, चिंचोक्यासारखं लांबट झालं होतं.

काहीजण रॉडचे आटे फिरवून लांबी जुळवतात. मीही केलं. मेलेलं पेडल जिवंत होतं, पण जरा जास्त फिरवलं की लिव्हर आयडलच्या (पेडल न दाबता इंजिन चालायच्या वेगाच्या) स्क्रूवर बसत नाही आणि गाडी उभ्या जागी गुरगुरत राहते. जास्तीची स्प्रिंग लावायचा उपाय त्याहून वाईट. खडखड थांबते, पेडल जड होतं आणि पिन एकाच बाजूला ओढली जाऊन भोक आणखी खाते.

तर केबल. तिचा मोठा गुण आधी सांगतो, कारण तो खरा आहे. रॉड बॉडीवरून इंजिनावर जातो आणि इंजिन माउंटिंगवर डुलत असतं. पहिल्या गिअरवर खड्ड्यातून जाताना तुमचा पाय स्थिर असला तरी डुलणारं इंजिन स्वतःच स्वतःची रेस कमीजास्त करतं आणि गाडी हिसके मारते. बाजाराच्या दिवशी आमच्या गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीतून जीप काढायची म्हणजे मागे बसलेल्यांच्या माना हलायच्या. केबल टाकली आणि हे बंदच झालं. केबलला बाक असतो, त्यामुळे इंजिनाचं डुलणं पेडलपर्यंत येत नाही. मऊ पेडल, कमी खर्च, अर्ध्या दिवसाचं काम. ऑक्टोबर ते मे मी सगळ्यांना केबलच सांगत होतो.

मग जुलै आला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा बॉनेटच्या फटीतून केबलच्या वरच्या तोंडात जातो असा माझा अनुभव आहे. त्यात समुद्राची खारी हवा. गाडी मांडवात आठ दिवस उभी राहिली की सकाळी पेडल दाबावं तर खाली जातं, पण वर येताना विचार करत येतं. कधी अर्ध्यातच थांबतं. मग चपलेतून पाय काढायचा, अंगठा पेडलखाली घालायचा आणि ते वर उचलायचं. दोन-चार वेळा केलं की केबल मोकळी होते आणि दिवसभर बरी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत अंगठा.

एकदा कुंभार्ली घाट उतरताना वळणावर पाय उचलला आणि रेस तशीच राहिली. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. पंपात गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) असतो म्हणून ते एका मर्यादेपुढे जात नाही, हे मला माहीत होतं, शेजारी बसलेल्या बायकोला नव्हतं. इंजिन बंद करायची स्टॉपची नॉब ओढून गाडी कडेला घेतली. ऐकणाऱ्याला वाटतं, त्याच दिवशी केबल काढली असेल. नाही काढली. तेल घालून आणखी पावसाळाभर चालवली. मला कंटाळा आणला तो रोजच्या त्या अंगठ्याने.

तेलाचंही सांगतो. केबलला तेल घालायचं म्हणजे ती सोडवायची, खुंटीला टांगायची, वरच्या टोकाला कागदाचा द्रोण बांधायचा आणि खालून थेंब पडेपर्यंत थांबायचं. रॉडला तेलाच्या डब्याने प्रत्येक सांध्यावर दोन थेंब, बॉनेट बंद. शिवाय रॉडचा दोष डोळ्यांना दिसतो, बोटाने हलवून कळतो. केबल आतून गंजते आणि वरून नवीच दिसते.

रॉडचं काम स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही. खेर्डीच्या लेथवाल्याकडे दोन खेपा झाल्या, केबलच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. लांबट भोकं मोठी करून गोल केली आणि त्यात गनमेटलचे बुश दाबून बसवले. बॉल जॉइंट रबरी टोपीवाले नवे घेतले, बिनटोपीचे घेऊ नका. पहिल्या खेपेला बुश इतके घट्ट झाले की पेडल केबलपेक्षा वाईट अडकायला लागलं. रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) फिरवून घेतल्यावर बेलक्रँक आपल्या वजनाने खाली पडायला लागला, तेव्हा बरोबर झालं. हिसके पूर्ण गेले नाहीत. पण इंजिनाचं एक माउंटिंग दबून खाली बसलेलं होतं, ते बदलल्यावर जे उरले त्यांची आता मला सवय आहे.

गाडी रोज चालत असेल, रात्री पक्क्या शेडमध्ये लागत असेल, तर केबल तुम्हाला कदाचित कधीच त्रास देणार नाही. चिपळुणात माझा चुलतभाऊ तशीच चालवतो आणि मला हसतो. इंजिन बदललेलं असेल, रॉडचा कोन जुळतच नसेल, तर दुसरा इलाजही नाही. फक्त आऊटर (केबलचं बाहेरचं आवरण) सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा, वरच्या तोंडाला रबरी बूट घाला आणि सीटखाली एक जादा केबल टाका. वाटेत तुटलीच तर गव्हर्नर आयडल धरून ठेवतो, पहिल्या-दुसऱ्यावर गाडी रांगत सपाटीने घरी येते. रॉड सुटला तर मात्र बांधायच्या तारेने तिथल्या तिथे जमतं, मी जमवलंय.

बुश करायला जाणार असाल तर बेलक्रँकबरोबर त्याची पिनही न्या. पिनही एका बाजूने खाल्लेली असते, ती बदलायची आणि बुश नव्या पिनच्या मापाने करायचा. मी पहिल्यांदा नुसता बेलक्रँक पिशवीत घालून नेला होता. दोन खेपा झाल्या त्या त्यामुळेच.