३ टनी ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जालन्यातील एका हत्यारांच्या दुकानातून घेतलेला ३ टनी ट्रॉली जॅक (गाडी उचलणारा, तेलाच्या दाबावर चालणारा चाकांचा जॅक) आणि उचललेली गाडी टेकवून ठेवण्यासाठी त्यासोबतची स्टँडची जोडी मी आठ महिने घरी वापरत असून, तेलाची गळती एकदाही आढळलेली नाही आणि दांडा सावकाश फिरवला की गाडी धक्का न बसता खाली येते. स्टँडशिवाय जॅक नेऊ नका, असे दुकानदारांनी आग्रहाने सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारण जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे, आणि आतले रबरी सील निकामी झाले तर तो क्षणात खाली बसू शकतो.

मोठी उणीव म्हणजे स्टँडचे पाय अरुंद आहेत. आपल्याकडची काळी माती पावसात मऊ होते, शहाबादी फरशी एकाच जागी भार आला की तडकते. म्हणून मी सपाट काँक्रीटवरच काम करतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, आणि पुढची बाजू उचलताना हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. एवढे करूनही, स्टँडवरची गाडी हाताने हलवून पाहिल्याशिवाय मी खाली शिरत नाही. जॅकच्या माथ्यावरची रबरी गादी मात्र वेगळी विकत घ्यावी लागली.