नाविक: सिग्नल चांगला, उपग्रह अपुरे

इस्रोच्या नाविक या उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या सेवेची पहिली पिढी एल५ आणि एस याच रेडिओ पट्ट्यांवर चालायची, त्यामुळे जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर (एल१ पट्टा) बसणाऱ्या स्वस्त चिपना ती ऐकूच येत नसे. २९ मे २०२३ ला गेलेल्या २,२३२ किलोच्या एनव्हीएस-०१ या नव्या पिढीच्या उपग्रहाने एल१ पट्टा आणला, सोबत स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळही. घड्याळ महत्त्वाचं, कारण एक नॅनोसेकंद चुकला की अंतरात ३० सेंटिमीटरची चूक. पहिल्या पिढीतल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहाची तिन्ही आयात घड्याळं बंद पडली आणि उपग्रह सुस्थितीत असूनही स्थाननिश्चितीला निरुपयोगी ठरला.

मुंबईतून ८३ अंश पूर्वेचा भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून ६० अंशांहून वर दिसतो. उंच इमारतींच्या गल्लीत हा मोठा फायदा. पण एल५ चा पूर्ण संदेश ४८ सेकंदांचा. फोनकडे उपग्रहांची जुनी माहिती नसताना होणाऱ्या थंड सुरुवातीला उघड्यावर धीर धरा. फोन घेताना 'नाविक' एवढं वाचून थांबू नका, कोणता पट्टा ते विचारा. जीएनएसएस (उपग्रह-दिशादर्शन) तपासणी अ‍ॅपमध्ये भारताच्या झेंड्याचे उपग्रह दिसणं पुरेसं नाही. ते स्थानाच्या गणितात वापरले जातायत का, ते पाहा.

खरी अडचण संख्येची. स्थानासाठी किमान चार उपग्रह हवेत, आणि जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ ऑक्सिडायझरची (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रव्याची) झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. तूर्त जीपीएसच्या जोडीला उत्तम. एकट्याच्या भरवशावर होडी समुद्रात घालू नये.